भरपूर फळं खाल्ली तर वजन वाढतं की उतरतं? केळीच्या जिल्ह्यात रोज पडणारा प्रश्न

जळगाव : रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर या पट्ट्यात केळी ही अनेक घरांसाठी विकत आणायची वस्तूच नाही. कापणीच्या दिवशी बाजूला काढलेल्या फण्या घरी येतात, दोन-तीन दिवसांत पिकतात आणि मग घरातला प्रत्येक जण येता-जाता एक-एक तोडून खातो. उन्हाळ्यात आंबा, पावसाळा सरताना सातपुड्याकडून येणारी सीताफळं, थंडीत पेरू आणि बोरं, म्हणजे फळाला तसा तोटा नाही. पण त्याच घरात कुणी ना कुणी म्हणतंच, "केळी नको रे बाबा, पोट सुटतं." आणि शेजारच्या घरात लग्न ठरलेली मुलगी आठ दिवस नुसत्या पपईवर काढते, कारण मोबाईलवर कुणीतरी सांगितलेलं असतं की फळांनी वजन झपाट्याने उतरतं.

मग खरं काय? थोडक्यात उत्तर असं. अख्खं फळ चावून खाल्लं आणि त्याच्या बदल्यात ताटातलं दुसरं काही कमी झालं, तर वजन वाढत नाही, उलट आटोक्यात राहायला मदत होते. पण पोटभर जेवणावर वरून फळं चालू राहिली, किंवा त्या फळाचा रस, शेक, शिकरण नाहीतर वेफर्स झाले, तर तेच फळ वजन वाढवायला हातभार लावतं. आता हे सविस्तर पाहू.

एका केळ्यात किती कॅलरी?

वजनाचा हिशोब शेवटी कॅलरीचा, म्हणजे खाण्यातून मिळणाऱ्या ऊर्जेचा असतो. शरीराला लागते त्याहून जास्त ऊर्जा रोज पोटात गेली की उरलेली चरबी होऊन साठते. ती फळातून आली की भजीतून, हे शरीर बघत नाही. फरक पडतो तो किती खाल्ल्यावर पोट भरतं यात.

सोललेल्या मध्यम केळ्याचं वजन साधारण 100 ते 120 ग्रॅम भरतं आणि त्यात 100 ते 110 कॅलरी असतात. फळांमध्ये केळं आणि सीताफळ हे वरच्या बाजूला. 100 ग्रॅम सीताफळाच्या गरात 95 ते 100 कॅलरी, चिकू आणि डाळिंबात 80 च्या पुढे, द्राक्षात 65 ते 70, पेरूत 60 ते 70, आंब्यात 60 ते 65, सफरचंदात 50 च्या आसपास, संत्री-मोसंबीत 45 ते 50, पपईत 40 ते 45 आणि कलिंगडात फक्त 30. जात कोणती आणि फळ किती पिकलेलं, त्यानुसार आकडा थोडा पुढे-मागे होतो.

आता याच्या शेजारी रोजचं दुसरं खाणं ठेवून बघा. 100 ग्रॅम शेव किंवा फरसाणात 500 च्या वर कॅलरी असतात. तेल तर 100 ग्रॅमला 900. म्हणजे चहासोबत मूठ-दोन मूठ करत 50 ग्रॅम शेव संपली, तर दोन-अडीच केळ्यांइतक्या कॅलरी पोटात गेल्या आणि पोट भरलं असंही वाटत नाही. अडीच केळी एका बैठकीत खाणारा माणूस मात्र पुढचा घास थांबवतो. शेवभाजीच्या तर्रीवर बोट न ठेवता सगळा दोष केळ्याला देणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी!

फळ पोट भरतं ते दोन गोष्टींमुळे, पाणी आणि चोथा. बहुतेक ताज्या फळांत 75 ते 90 टक्के पाणीच असतं. चोथा म्हणजे फायबर. तो पचत नाही, पण पोटात जागा धरतो आणि साखर रक्तात हळूहळू जाऊ देतो. या बाबतीत आपला गावठी पेरू फार पुढे आहे, 100 ग्रॅमला 5 ग्रॅमपेक्षा जास्त फायबर, केळ्याच्या जवळपास दुप्पट. बाजारात महाग सफरचंदाच्या मागे लागणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हरकत नाही.

मोठे अभ्यास काय सांगतात?

फळं आणि वजन यांचा संबंध अनेक देशांत तपासला गेलाय. अमेरिकेत 1 लाख 33 हजारांहून अधिक लोकांचं खाणं आणि वजन 24 वर्षांपर्यंत नोंदवून केलेला एक अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांनी रोजच्या खाण्यात फळ वाढवलं त्यांचं वजन वाढलं नाही, उलट दर चार वर्षांच्या टप्प्यात किंचित कमी झालेलं दिसलं. रोजच्या एका जादा फळामागे हा फरक पाव किलोच्या आसपास होता. म्हणजे फार मोठा चमत्कार नाही. फळं खाऊन दहा किलो उतरवल्याच्या गोष्टी मोबाईलवर ऐकल्या की हा पाव किलो आठवावा. शिवाय फळं खाणारा माणूस एकूणच तब्येतीला जपणारा असू शकतो, त्यामुळे सगळं श्रेय फळालाही देता येत नाही.

दुसरा प्रयोग त्याहून सोपा. अमेरिकेतल्याच संशोधकांनी 2009 मध्ये काही लोकांना दुपारच्या जेवणाआधी कधी अख्खं सफरचंद दिलं, कधी त्याचा लगदा, कधी रस. जेवणाआधी अख्खं सफरचंद खाल्लं त्या दिवशी लोक एकूणच सुमारे 15 टक्के कॅलरी कमी खाऊन उठले, आणि यात सफरचंदाच्या कॅलरीही धरलेल्या होत्या. लगदा आणि रसाने तेवढं काम झालं नाही. फळ तेच, फक्त रूप बदललं.

इथे खरी मेख आहे.

चावलेलं फळ आणि प्यायलेलं फळ

1977 मध्ये इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी 10 जणांवर केलेला प्रयोग आजही सांगितला जातो. सारख्याच साखरेचं सफरचंद एकदा अख्खं, एकदा लगदा करून आणि एकदा रस करून दिलं. रस अख्ख्या सफरचंदापेक्षा 11 पट वेगाने पिऊन झाला. रस पिणाऱ्यांना भूकही लवकर लागली, कारण रसानंतर रक्तातली साखर आधी वर जाऊन मग झटकन खाली आली.

आपल्याकडे याचं रोजचं उदाहरण म्हणजे मोसंबीचा ज्यूस. एका ग्लासाला तीन-चार मोसंबी पिळावी लागतात. तीच चार मोसंबी सोलून फोडी करून खायला बसा, दोन-तीनवरच हात थांबतो. ग्लास मात्र दोन मिनिटांत रिकामा, चोथा गाळणीत, आणि दुकानदाराने वरून साखरेचा पाक टाकला असेल तर तो वेगळाच.

रसवंतीचा उसाचा रस तर फळातही धरता येत नाही. एका मोठ्या ग्लासात साधारण 30 ग्रॅम किंवा त्याहून जास्त साखर असते, म्हणजे सहा चमचे. जागतिक आरोग्य संघटना फळांच्या रसातली साखर ही चहात टाकलेल्या साखरेच्याच खात्यात मोजते आणि ती दिवसभराच्या ऊर्जेच्या 10 टक्क्यांच्या आत ठेवायला सांगते. 2000 कॅलरी लागणाऱ्या माणसाला हा हिशोब 50 ग्रॅम येतो, 5 टक्क्यांच्या आत ठेवता आली तर आणखी बरं. एक ग्लास रस आणि दिवसाचे चार गोड चहा झाले की 50 ग्रॅमचा कोटा पूर्ण. अख्ख्या फळातली साखर मात्र या मर्यादेत मोजत नाहीत. उन्हातान्हात मजुरी करून आलेल्या माणसाने एक ग्लास रस घेतला तर गोष्ट वेगळी, त्याच्या अंगातून तेवढं खर्च होतं. दुकानात दिवसभर गल्ल्यावर बसणाऱ्याने रोज घेतला तर त्याचा जमाखर्च जमणार नाही.

शिकरण, शेक, वेफर्स

एक केळं 100 कॅलरीचं. त्यात अर्धा कप दूध आणि दोन चमचे साखर घालून शिकरण केलं की 200 च्या पुढे गेलं, आणि त्यासोबत दोन पोळ्या आल्या की ते पूर्ण जेवणच झालं. गडबड होते ती इथेच. शिकरण-पोळी हे जेवण म्हणून खाल्लं तर ठीक, पण ते जेवणानंतर 'थोडं गोड' म्हणून वाटीभर घेतलं जातं. बनाना शेकमध्ये आइस्क्रीमचा गोळा पडला की आकडा 300 च्या वर जायला वेळ लागत नाही.

वेफर्सची गोष्ट आणखी वेगळी. आपल्या भागातले केळी वेफर्स बाहेरगावी पाहुण्यांकडे हमखास नेले जातात. चव भारी, यात वाद नाही. पण तळताना केळ्यातलं पाणी उडतं आणि त्याच्या जागी तेल शिरतं. 100 ग्रॅम वेफर्समध्ये 500 च्या आसपास कॅलरी, म्हणजे पाच केळ्यांचा ऐवज एका छोट्या पाकिटात. उपवासाला 'केळ्याचेच तर आहेत' म्हणून पाकीट संपवणाऱ्यांना हा हिशोब सहसा कुणी सांगत नाही. श्रावणात वजन उतरण्याऐवजी वाढतं अशी तक्रार बायका करतात, त्यामागे साबुदाणा, शेंगदाणे, तूप आणि हे वेफर्स असतात. बिचारं केळं उगाच बदनाम होतं.

खजूर, मनुका, अंजीर ही सुकी फळंही जपून. पाणी उडाल्यामुळे 100 ग्रॅमला 250 ते 300 कॅलरी होतात. पाव किलो द्राक्षं खाणारा माणूस तेवढ्याच द्राक्षांच्या मनुका मूठभरात संपवतो आणि वर आणखी एक मूठ घेतो.

आखाजीचा आमरस

खानदेशात आखाजीला आमरस आणि खापराची पुरणपोळी नसेल तर सण झाला असं कुणी म्हणणार नाही. त्या दिवशी कॅलरी मोजत बसणं हा सणाचा अपमान आहे. वर्षातल्या एका दिवसाने कुणाचं वजन वाढत नाही. प्रश्न असतो त्यानंतरच्या दीड-दोन महिन्यांचा, जेव्हा आंबा स्वस्त होतो आणि आमरस रोजच्या ताटात येतो. दीडशे ग्रॅम रसाच्या वाटीत 90 ते 100 कॅलरी, वर दोन चमचे साखर घातली तर आणखी 40. अशा दोन-तीन वाट्या आणि रस आहे म्हणून एरवीपेक्षा दोन पोळ्या जास्त, असं रोज चाललं तर जूनमध्ये शर्टाची बटणं ताणली जातात. पिकलेल्या आंब्याला साखर लागत नाही. ती बंद केली आणि रसाच्या दिवशी एक पोळी कमी घेतली, तरी आंबा सोडायची गरज उरत नाही.

जास्तीची दोन केळी म्हणजे वर्षात किती किलो?

कागदावरचा हिशोब सोपा आहे. एक किलो चरबी म्हणजे साधारण 7,700 कॅलरी. रोजच्या जेवणात काहीही कमी न करता दोन केळी जास्त खाल्ली तर रोज 200 कॅलरी वाढल्या, महिन्याला 6,000. म्हणजे महिन्याकाठी पाऊण किलो. प्रत्यक्षात एवढं वाढत नाही, कारण वजन वाढलं की शरीराचा खर्चही वाढतो आणि पोट भरलं की माणूस दुसरीकडे थोडं कमी खातो. तरी दिशा कळते.

ते 200 कॅलरी खर्च करायला 60-65 किलोच्या माणसाला साधारण पाऊण ते एक तास झपझप चालावं लागतं. केळीच्या बागेत घड वाहणाऱ्या मजुराला चार केळी ही न्याहारी आहे. त्याच बागेचा मालक मोटारसायकलवरून फेरी मारून ओट्यावर बसत असेल, तर त्याला तीच चार केळी जास्तीची. एकाच फळाबद्दल गावात दोन मतं असतात ती अशीच तयार होतात.

अंगात काही न लागणाऱ्या पोराला दूध-केळी द्या, असं आजी सांगते. त्यात तथ्य आहे, पण ते काम केळ्यातल्या कुठल्या गुप्त गुणाने होत नाही. नेहमीच्या जेवणावर रोज 200-250 कॅलरी वाढल्या की वजन वाढणारच. रात्री केळं खाल्लं तर चरबी होते, जेवणानंतर फळ पोटात सडतं, या समजुतींनाही आधार नाही. वजनासाठी वेळ बघायची तर एकच, जेवणाच्या थोडं आधी, म्हणजे ताटात वाढून घेताना हात आपोआप आखडतो.

नुसत्या फळांवर राहिलं तर?

वजन उतरतं, हे खरं. पण काय उतरतं ते बघायला हवं. पहिल्या चार-पाच दिवसांत काटा जो दोन-तीन किलो खाली दाखवतो, त्यात मोठा वाटा पाण्याचा असतो. त्यानंतर चरबीसोबत स्नायूही झिजायला लागतात, कारण फळांत प्रथिनं जवळपास नसतातच. 60 किलोच्या माणसाला रोज 50 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं लागतात आणि एका केळ्यातून मिळतात एक-सव्वा ग्रॅम. नुसत्या केळ्यांवर गरज भागवायची तर दिवसाला 40 केळी खावी लागतील! पपई, कलिंगडात तर त्याहून कमी. परत डाळ-भाकरी सुरू झाली की वजन परत येतं आणि गेलेला स्नायू मात्र तितक्या सहज भरून येत नाही.

लग्नाआधी मुलींना असं उपाशी ठेवणं तर अजिबात शहाणपणाचं नाही. आधीच रक्त कमी असलेल्या मुलीला चक्कर, थकवा, केस गळणं हे सगळं त्यातूनच येतं. गरोदर बाईने आणि बाळाला पाजणाऱ्या आईने असले प्रयोग करूच नयेत.

साखर असेल तर फळ बंद करायचं का?

2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात मधुमेहाचे 10 कोटींहून जास्त रुग्ण आहेत. गावातही आता प्रत्येक गल्लीत एक-दोन घरं सापडतात. रिपोर्टमध्ये साखर आली की सगळ्यात आधी फळं बंद होतात, आणि चहातली साखर, पाव, भात चालूच राहतो. हे उलटं आहे.

2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या 1 लाख 87 हजार लोकांच्या अभ्यासात अख्खी फळं, त्यातही जांभळाच्या रंगाची ब्लूबेरी, द्राक्षं आणि सफरचंद जास्त खाणाऱ्यांमध्ये मधुमेह होण्याचं प्रमाण कमी दिसलं. फळांचा रस पिणाऱ्यांमध्ये ते जास्त होतं. ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांनी एका वेळी एकच छोटं फळ घ्यावं. पेरू, जांभूळ, पपई, संत्र हे आधी. केळं खायचं तर फार पिकून साल काळी पडलेलं नको. केळं कच्चं असताना त्यात स्टार्च असतो, त्यातला बराचसा सहजी पचत नाही. पिकत जाईल तशी त्याची साखर होते. म्हणून कच्च्या केळ्याची भाजी कमी तेलात केली तर साखरवाल्यांनाही थोडी चालते. गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर स्वतःच्या मनाने फळं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

किडनीच्या रुग्णांनी मात्र हे जास्त लक्ष देऊन वाचावं. एका केळ्यात साधारण 350 ते 400 मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. निरोगी माणसाला ते चांगलंच. पण किडनी नीट काम करत नसेल, डायलिसिस चालू असेल, तर ते रक्तात साठतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. शहाळ्याचं पाणी, मोसंबीचा रस यांनाही हेच लागू. नातेवाईक दवाखान्यात भेटायला येताना डझनभर केळी घेऊन येतात, ती अशा रुग्णाला देण्याआधी नर्सला विचारलंच पाहिजे. इथे प्रश्न वजनाचा नाही, जिवाचा आहे.

मग रोज किती?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये आहाराबद्दल नवीन मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यात 2000 कॅलरीच्या ताटात रोज 100 ग्रॅम फळं आणि 400 ग्रॅम भाज्या धरल्या आहेत. 100 ग्रॅम म्हणजे एक मध्यम केळं किंवा एक पेरू. वजन प्रमाणात असलेल्या, अंगमेहनत करणाऱ्या माणसाने दोन-तीन फळं खाल्ली तरी काही बिघडत नाही. वजन कमी करायचंय त्यांनी केळं, सीताफळ, चिकू यांपैकी दिवसाला एकच ठेवावं आणि जास्त भूक लागली तर पेरू, पपई, कलिंगड, काकडी यांच्याकडे वळावं. त्याच दिवशी पोळी, भात किंवा शेव यातलं काहीतरी कमी व्हायलाच हवं, नाहीतर फळाचा उपयोग शून्य.

शेतातला माल वाया जाऊ नये म्हणून खाणं, ही आपल्याकडची जुनी सवय. फण्या पिकायला लागल्या की 'संपवा, संपवा' असं घरात सुरू होतं. त्यापेक्षा थोड्या कच्च्या असतानाच अर्ध्या शेजारी, अंगणवाडीत किंवा पाहुण्यांकडे पोचत्या केलेल्या बऱ्या.

वजन जास्त आहे हे ओळखायचं कसं?

काट्यापेक्षा टेप बरी. भारतीय माणसासाठी पुरुषाच्या कमरेचा घेर 90 सेंटीमीटर आणि बाईचा 80 सेंटीमीटर ही मर्यादा धरतात. हातपाय बारीक असले तरी पोट त्यापुढे गेलेलं असेल तर मधुमेह आणि बीपीचा धोका वाढतो. माप बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडून, कपड्याच्या आतून घ्यावं, पोट आत ओढून नाही. 30 वर्षांवरच्या माणसांचा जो तपासणी फॉर्म आशाताई घरोघरी भरून घेतात, त्यात कमरेच्या मापाचा रकाना असतोच. त्यांना तो रकाना अंदाजे भरू देऊ नका, टेप लावायला सांगा. उपकेंद्रात साखर आणि बीपी मोफत तपासून मिळतं, ते त्याच फेरीत करून घ्यावं.